‘काटा’ आपल्याकडून गेलेला नाही

महोदय,

७ जुलैच्या जागतिक स्वाहिली दिनानिमित्त आपल्या पुरवणीत पूर्व आफ्रिकेतल्या या भाषेवर आलेला लेख मोठ्या आवडीने वाचायला घेतला आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडले. ‘स्वाहिलीत कापण्याला ‘काटा’ हा एकच शब्द आहे, तोही आपल्या काटछाटीतून तिकडे गेलेला,’ असे त्यात ठामपणे लिहिले आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत. यजमानांच्या नोकरीमुळे मी अकरा वर्षे केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासात संसार केला, तिथल्या बायकांच्या शेजारी बसून रांधले. म्हणून हे पत्र.

‘काटा’ हे बांटू भाषांमधले, म्हणजे स्वाहिलीच्याच कुळातले, जुने क्रियापद. किनाऱ्यापासून कितीतरी आत, काँगोतल्या लिंगाला भाषेतही ते याच अर्थाने आहे. तिथवर आपली काटछाट कोण घेऊन गेले? आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

आता एकच शब्द असल्याबद्दल. आपण भाजी चिरतो, बटाटा सोलतो, लाकूड फोडतो, तिथेही तसेच. भाजी ‘काटा’, पण बटाटा ‘मेन्या’. कोंबडीच्या मानेवर सुरी फिरवायची तर ‘चिंजा’. ‘काटा’ म्हणजे नंतरचे तुकडे. कोयत्याने रान साफ करणे ‘फ्येका’, त्या लांब कोयत्याला ‘पांगा’. सरपण फोडणे ‘चांजा’. धाकट्याला लस टोचायला नेले तेव्हा दवाखान्यातही हाच शब्द ऐकून मी चमकले होते. शेजारणीने उलगडून सांगितले: ‘चांजा’ म्हणजे कातडीवर चीर देणेही, आणि पूर्वी देवीची लस तशीच देत. लसीला आजही ‘चांजो’ म्हणतात. आणि लाकडाच्या फळ्या पाडणाऱ्या ‘पासुआ’वरूनच शस्त्रक्रियेला ‘उपासुआजी’. एवढी बारकाई असलेल्या भाषेला एका शब्दाची म्हणणे मला फार लागले.

त्या शेजारणीकडे नारळ खवायचे एक घडीचे लाकडी आसन होते, पुढे दातेरी लोखंडी जीभ. त्याला म्हणायचे ‘म्बुझी’, म्हणजे चक्क बकरी! त्यावर बसून नारळ ‘कुना’ करायचा. गुहागरला आईच्या विळीच्या टोकाला असलेली खवणी आणि ही बकरी, हाताची चाल तीच. पहिल्या दिवशी मी न शिकता त्यावर बसले आणि अख्खा नारळ खवून दिला.

लेखकांना दोन्ही भाषांतले नाते दाखवायचेच होते, तर ते ‘काटा’च्या शेजारीच होते. आशा सोडणे याला स्वाहिलीत ‘काटा तामा’ म्हणतात, म्हणजे इच्छा कापून टाकणे. हा ‘तामा’ अरबीतून आलेला. आपण ‘कशाचीही तमा न बाळगता’ म्हणतो, त्यातली तमाही अरबीच. एकच शब्द दोन वाटांनी दोन किनाऱ्यांना लागला. आणि इथून खरोखर तिकडे गेलेले काही हवे असेल, तर कांदा-टोमॅटो चिरून केलेली ‘काचुंबारी’ तिथे मांसाच्या ताटात हमखास असते. ते आपले कचुंबर.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. मोंबासात लिहिलेली माझी शब्दांची वही अजून जपून ठेवली आहे. लेखकांना उपयोग होणार असेल, तर तिच्या प्रती काढून पाठवीन.

आपली,
एक वाचक, गुहागर