सीए-१२५ चा आकडा वाढला म्हणजे कॅन्सर नव्हे

मा. संपादक,

हल्ली महिलांच्या हेल्थ पॅकेजमध्ये थायरॉइड, शुगरसोबत सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वापरतात ती रक्ताची टेस्ट) पण घालतायत, आणि आकडा ३५ च्या वर जाऊन ठळक अक्षरात आला की घरात रडारड सुरू. माझ्या जावेचं हेच झालं, ऐन तिशीतली बाई, चवथीच्या तोंडावर सगळं घर हबकलेलं, सासूबाईंनी तर नवस बोलून घेतला, आणि शेवटी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तपासून निघालं काय, तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं, कॅन्सर नव्हे. लॅबवाल्याने टेस्ट करताना एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

हा आकडा पाळीच्या दिवसांत वाढतो, गरोदरपणात वाढतो, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात साध्या गाठी असल्या, लिव्हर बिघडलं, पोटाचा टीबी झाला तरी वाढतो. बरं उलटही आहेच, अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या स्टेजला असतो तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मलच येतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर याची मोठी ट्रायल झाली, २०२१ मध्ये शेवटचा निकाल आला, वर्षानुवर्षं तपासण्या करूनही मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग आपल्याकडे पॅकेजात घालून कुणाचं भलं चाललंय?

टेस्ट वाईट नाही हो, जागा चुकलीय. कॅन्सर आहे असं नक्की झाल्यावर केमो लागू पडतेय का ते कळायला ती फार कामाची, आकडा भराभर उतरला तर चांगली खूण. पण नातेवाईक 'आकडा किती' एवढंच विचारत बसतात. पेशंटचं पुढे काय होणार हे जास्त ठरतं ते स्टेजवर, गाठ कुठल्या प्रकारची आहे त्यावर, आणि ऑपरेशनमध्ये सर्जनने गाठ पूर्ण काढली की थोडी मागे राहिली यावर, हे कोण विचारतच नाही.

आणि बीआरसीए जीनची टेस्ट (या जीनमधला दोष घराण्यात उतरतो आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो), तिच्याबद्दल तर बऱ्याच जणांनी ऐकलेलंही नसतं. या जीनमध्ये दोष असलेल्या पेशंटना प्लॅटिनमवाली (प्लॅटिनम धातू असलेल्या औषधांची) केमो सहसा जास्त लागू पडते, नंतर ओलापॅरिबसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्यांचाही त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा होतो, शिवाय बहिणींना आणि मुलींना आपला धोका आधीच कळतो. ही टेस्ट गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेत बसते की नाही ते सरकारने लोकांना समजेल असं जाहीर करावं, बसत नसेल तर बसवावी.

आणि पोट सारखं फुगतंय, दोन घासांत भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय असं दोन-तीन आठवडे रोजचंच चाललं असेल तर ती अंडाशयाच्या कॅन्सरची खूण असू शकते, गॅसच्या गोळ्या खात बसू नका, बाईच्या डॉक्टरकडे जाऊन सोनोग्राफी करायची का ते विचारा. आरोग्य कॅम्पवाल्यांनी पण हेच सांगावं, ते फुकटात होतं.

– एक वाचक, डिचोली