डॉक्टरीणबाईंना भोंदूंच्या रांगेत कशाला?

महोदय,
रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या जुन्या फिरत्या औषध-खेळांवरचा (गावोगाव करमणुकीचे खेळ करून औषधं विकायची, त्यांवरचा) लेख वाचला, मजा आली, पण या खेळांच्या तंबूत नोकरीला अडकलेल्या, खरी डिग्री असलेल्या डॉक्टरीणबाईंनाही लेखकाने सरळ भोंदूंच्या रांगेत बसवलंय ते काही पटलं नाही. अमेरिकेत डॉक्टरीची डिग्री मिळवणाऱ्या पहिल्या बाई एलिझाबेथ ब्लॅकवेल, त्यांना १८४९ मध्ये डिग्री मिळाली तरी न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांनी दारात उभं केलं नाही, शेवटी १८५७ मध्ये त्यांनी स्वतःचं हॉस्पिटल काढलं. जिच्याकडे पैसा नाही, ओळखी नाहीत तिने जायचं कुठे? मग या खेळांतच. तिथली रीत म्हणजे बँजो वाजवून गर्दी जमवायची, मग बाटल्या खपवायच्या (आपल्या जत्रेतला जडीबुटीवाला आठवा), आणि त्यात बाईंची खरी डिग्री म्हणजे खेळाच्या मालकाची ढाल. भोंदू खरा तो मालकच: असंच औषध विकणाऱ्या क्लार्क स्टॅनलीच्या ‘सापाच्या तेला’त मुख्यतः खनिज तेलच निघालं, मालकाला दंड किती, तर २० डॉलर, तोही १९१७ मध्ये!

– एक वाचक, सातारा