बंब चोरणाऱ्या पोराची शिक्षा

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फारच तापलेला होतास. "आबा, त्याला पाच वर्षं आत घालायला सांगा, त्याशिवाय सुधारणार नाही." नशेपायी त्या पोरानं परड्यातला आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब चोरून विकला, राग मलाही आहे. पण जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेला, म्हणून लिहितोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

मोबाईल चोरीत त्याला गेल्या वर्षी शिक्षा लागलीच होती. आता यातही त्यानं गुन्हा कबूल केलाय. दुसऱ्यांदा शिक्षा म्हटल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी. तेव्हा तुझी मागणी कायद्यात बसते. पण गंमत बघ, हाच पोरगा खिशात नशेच्या थोड्याशा मालासह सापडला असता, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३९ खाली, त्याची तयारी असेल तर, कोर्ट त्याला लगेच शिक्षा न देता सरकारी दवाखान्यात उपचाराला पाठवू शकलं असतं. त्याच मालासाठी बंब विकला, तर ते कलम लागत नाही. (तो बंब चोरीचा आहे हे न कळण्याइतका तो भंगारवाला खुळा नाही. त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.)

राहिला १९५८ चा प्रोबेशनचा, म्हणजे लगेच शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा. त्याचं कलम ४ पहिल्याच गुन्ह्यापुरतं नाही. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवता येतो, देखरेखीखाली ठेवता येतं, नशा करायची नाही अशी अट घालता येते. कलम ५ खाली नुकसानभरपाईही मिळू शकते. सरकारी वकील किमान एक वर्षावर बोट ठेवणार, हे मला ठाऊक आहे. तरी अहवाल मागवावा एवढं मी सांगणार आहे.

त्यात काय यावं? व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर हा पोरगा उद्यमनगरात लेथवर कामाला जात होता. पावसाळाभर गेला, डबा घेऊन, वेळेवर. मग कारखान्यात काम कमी झालं, सगळ्यात आधी यालाच घरी बसवलं, आणि हा पुन्हा त्याच कट्ट्यावर त्याच टोळक्यात. सगळे म्हणतात, उपचार करूनही पुन्हा घसरला, म्हणजे आशा नाही. मी उलट बघतो. हातात काम होतं तोवर टिकला, ते गेल्यावर पडला. न्यायाधीशांपुढं हेच यायला पाहिजे. नुसतं "सराईत" लिहिलं की हे सगळं झाकलं जातं.

आणि कळंब्याच्या तुरुंगात पाठवलाच, तरी तिथं औषधोपचार आणि समुपदेशन मिळावं असं कोर्टाकडं मागता येतं. आत माल मिळाला नाही म्हणजे व्यसन सुटलं, असं नसतं. अफूच्या जातीची नशा असेल तर बाहेर आल्यावर धोका वाढतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि पहिल्याएवढाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो.

सोडून द्या असं मी म्हणत नाही. बंबाचे पैसे त्यानं कामावर लागून हप्त्यानं फेडावेत, ते मी घेणार.

त्याच्या आईला फोन करून काही बोलू नकोस. बंब कुठं विकला ते पोलिसांना तिनंच सांगितलं.

तुझे आबा