कमी जीपीए आणि मेडिकलचा अर्ज

कोलंबस, ओहायो
१८ जानेवारी २०२६

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि शेजारी आई बसलेली असल्यामुळे मी दोन्ही टाळले. पदवीला इतके कमी गुण असताना तुमच्या भाचीला इथे मेडिकलला कोण घेणार, हा पहिला. आणि त्यापेक्षा तिला आपल्याकडच्या एखाद्या खाजगी कॉलेजात एनआरआय कोट्यातून प्रवेश का घेऊ नये, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे फोनवर मावणारी नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे बारावीला शास्त्र विषयांत ठरलेली किमान टक्केवारी मिळाली की पुढचे सगळे नीटच्या ७२० गुणांवर ठरते, आणि मागच्या वर्षी कमी पडलेले गुण यंदाच्या परीक्षेत कोणी विचारत नाही. इथे आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि त्या चार वर्षांतल्या प्रत्येक सत्रातल्या प्रत्येक विषयाची श्रेणी अर्जाबरोबर जाते. बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचा अर्ज एएमसीएएस या एकाच केंद्रीय यंत्रणेमार्फत जातो. ती यंत्रणा कॉलेजने दिलेल्या सरासरीवर विसंबत नाही, सगळ्या श्रेणी घेऊन स्वतःच जीपीए, म्हणजे श्रेणींची ४ पैकी सरासरी, काढते आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांचा जीपीए निराळा दाखवते. हिचा एकूण जीपीए ४ पैकी २.९५ आहे आणि शास्त्र विषयांचा २.७०. अलीकडच्या वर्षांत एमडीला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.८ च्या आसपास आहे. अंतर किती आहे ते तुमच्या लक्षात येईल.

नापास विषयाला पुन्हा बसावे आणि जुने गुण पुसून टाकावेत, ही सोय या यंत्रणेत नाही. तोच विषय पुन्हा घेतला तर दोन्ही वेळच्या श्रेणी सरासरीत धरल्या जातात. ऑस्टिओपॅथिक (डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी श्रेणी जुनीच्या जागी धरत असत, पण २०१७ पासून तेही बंद झाले. टेक्सास राज्यात दहा वर्षांपेक्षा जुने शिक्षण बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करण्याची कायदेशीर मुभा आहे. मात्र ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे आणि हिचे गुण तर अगदी ताजे आहेत.

तुम्ही हयातभर गणित शिकवलेत, म्हणून हिशेबच मांडते. पदवीची १२० क्रेडिटे (विषयांचे वजन मोजायचे एकक) २.९५ ने झाली, म्हणजे ३५४ गुण. आता तिने आणखी ३० क्रेडिटे घेतली आणि प्रत्येक विषयात ‘ए’, म्हणजे ४ पैकी ४, मिळवला, तर त्यांत १२० गुणांची भर पडते. ४७४ भागिले १५०, म्हणजे ३.१६. पूर्ण वर्षभर एकही चूक न करता काम केले तरी सरासरी जेमतेम दोन दशांश वर सरकते. सरासरी भरून काढण्यासाठी म्हणून हे वर्ष घालवायचे असेल, तर तो तोट्याचा व्यवहार आहे, हे मला मान्य आहे.

तरीही ती ते वर्ष घालवते आहे आणि ते योग्यच आहे असे माझे ठाम मत झाले आहे. प्रवेश समिती एकूण आकड्याइतकाच त्या आकड्याचा चढउतार पाहते, आणि अर्जात प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळ्या ओळीत छापलेला असतो. पहिल्या दोन वर्षांत २.६, २.७, मग ३.१, ३.४ आणि पदवीनंतरच्या ओळीत ३० क्रेडिटांचे ४.० असे दिसले, तर वाचणाऱ्याला निदान हे कळते की आज ही मुलगी अवघड शास्त्र विषय पेलू शकते. इथे सगळे सांगतात की अर्जाचा विचार समग्रपणे होतो. ते खरे आहे, परंतु अर्धेच. अनेक कॉलेजे हजारोंनी आलेल्या अर्जांना आधी आकड्यांची चाळण लावतात, आणि समग्र विचार होतो तो चाळणीवर उरलेल्यांचा. इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना जीपीए आणि एमसीएटी (मेडिकलची प्रवेश परीक्षा) यांचा एकत्रित तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यात तीनच्या खाली जीपीए असलेल्यांनाही प्रवेश मिळालेले दिसतात, परंतु एकेक रकाना खाली यावे तसे ते विरळ होत जातात.

पदवीनंतरच्या अभ्यासाचेही दोन प्रकार आहेत आणि आम्हाला त्यांतला फरक कळायला वेळ लागला. पदवीच्याच पातळीवरचे विषय घेतले तर ते पदवीच्या जीपीएत मिळवले जातात; मघाचा हिशेब त्याचाच होता. दुसरा मार्ग म्हणजे एक-दोन वर्षांचा खास मास्टर्स, ज्यात पुष्कळदा मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय असतात. त्याच्या श्रेणी वेगळ्या धरल्या जातात आणि पदवीचा आकडा जागचा हलत नाही. तिथे उत्तम कामगिरी केली तर तो मोठा पुरावा ठरतो, पण तिथेच ‘सी’ मिळाला तर पुढे बोलायला काही उरत नाही, आणि खर्चही काही दशसहस्र डॉलरांच्या घरात जातो. हिने पहिला मार्ग धरला आहे. सप्टेंबरपासून तिने घेतलेल्या दोन्ही विषयांत ‘ए’ आहे.

एमसीएटी ही परीक्षा ४७२ ते ५२८ गुणांची असते आणि विश्रांती धरून साडेसात तास चालते. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चार भागांपैकी एक केवळ उताऱ्यांचा असतो आणि त्यात शास्त्राचे काही पाठ असून उपयोग नसतो. एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१२ च्या जवळपास आहे. जीपीए कमी असलेल्याला या परीक्षेत सरासरीइतके गुण मिळवून भागत नाही. आणि उत्तम गुण मिळाले तरी त्यांनी जुना जीपीए झाकला जातो असे नाही. वाचणारा उलट असेही म्हणू शकतो की हुशारी होती, मग चार वर्षे कुठे गेली होती?

आता आमच्या घरातला वाद सांगते. तिला या जूनमध्येच अर्ज करायचा आहे आणि यांचेही मत तिच्याच बाजूचे आहे. अर्ज मे महिन्यात उघडतात, मेअखेरीपासून ते सादर करता येतात आणि जसजसे येतील तसतसे वाचले जातात, त्यामुळे उशीर करणाऱ्याच्या वाट्याला कमी जागा उरतात. तेव्हा जूनचा आग्रह चुकीचा नाही. परंतु या जूनला तिच्याकडे नव्या अभ्यासाची १५ क्रेडिटेच दाखवायला असतील आणि जीपीए ३.०७ होईल, पुढच्या जूनला ३.१६. तुम्ही म्हणाल, नऊ शतांशांसाठी वर्ष का थांबायचे? शतांशांसाठी नाहीच. एका सत्रात नीट अभ्यास कोणीही करते, तीन सत्रे सलग केला तर त्यावर विश्वास बसतो. शिवाय एकदा नाकारलेला अर्ज घेऊन पुन्हा त्याच कॉलेजाकडे गेले की मधल्या काळात काय बदलले हे तिथे पाहिले जाते. प्रत्येक कॉलेजाचे शुल्क वेगळे, त्यावर त्यांच्या पुरवणी अर्जाचे शुल्क वेगळे, आणि अशी वीस-पंचवीस कॉलेजे होतात. मुलाखती, वाट पाहणे वगैरे धरून पुढच्या जूनला अर्ज केला तर वर्ग २०२८ च्या उन्हाळ्यात सुरू होतील. तेव्हा ती पंचविशीत असेल, आणि मेडिकलमध्ये शिरणाऱ्यांचे इथले सरासरी वयच चोवीसच्या आसपास आहे. नातेवाईक विचारतील की अजून शिकतेच आहे का. त्यांना तुम्ही हेच सांगा.

अर्जात एक निवेदन लिहायचे असते, ५,३०० अक्षरांचे, मोकळ्या जागाही मोजून. तिच्या पहिल्या मसुद्यात निम्मी जागा कमी गुणांच्या कारणांनी भरली होती. आजारपण नव्हते, घरात संकट नव्हते. चारशे जणांचा वर्ग आणि कोणाला प्रश्न विचारायचा संकोच, एवढेच होते. ते दोन वाक्यांत लिहून पुढे जावे, असे तिच्या सल्लागार बाईंनी सांगितले आणि ते मला फार पटले. सध्या ती एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून त्यांच्या नोंदी टिपून घेते. निवेदनात लिहिण्यासारखे तिला तिथेच मिळते आहे.

ऑस्टिओपॅथी म्हटल्यावर तुमच्या मनात हाडवैद्य किंवा होमिओपॅथी आली, हे फोनवरच जाणवले. अमेरिकेत डीओ ही पदवी घेतलेला डॉक्टर औषधे लिहितो, शस्त्रक्रिया करतो आणि पन्नासही राज्यांत एमडीच्याच बरोबरीने व्यवसाय करतो. २०२० पासून दोघांच्याही रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला) मान्यता देणारी व्यवस्था एकच झाली आहे. डीओ कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आणि एमसीएटी ५०४ च्या जवळपास असतो. ओहायो विद्यापीठाचे असे एक कॉलेज आहे, त्याची एक शाखा आमच्या जवळच डब्लिनमध्ये आहे, आणि राज्यातल्या रहिवाशांना तिथे प्राधान्य मिळते. माझी आशा प्रामुख्याने याच बाजूवर आहे.

आता कोट्याविषयी. एनआरआय जागेसाठीही नीट द्यावीच लागते. साडेचार वर्षे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, आणि नंतर रेसिडेन्सीसाठी इथे परत यायचे तर परदेशात शिकलेली डॉक्टर म्हणूनच उभे राहायचे. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी अलीकडे सुमारे दोनतृतीयांश लोकांनाच रेसिडेन्सी मिळते, तर इथल्या एमडी आणि डीओ झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना. कॅरिबियन बेटांवरची कॉलेजे कमी जीपीएला सहज दार उघडतात, पण त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो; शिवाय तिथे मधल्या मधे गळणारेही पुष्कळ असतात. तुमची सूचना मायेपोटी होती हे मी जाणते, परंतु तिच्या बाबतीत तो रस्ता सोपा दिसतो एवढेच.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे. ती मेअखेरीस दोन-तीन आठवडे साताऱ्याला येणार आहे आणि तुमचे सर्जन स्नेही तिला टाके घालायला शिकवतो म्हणाले आहेत. त्यांचे आभार माना, पण नको म्हणून सांगा. प्रशिक्षण नसताना परदेशात जाऊन रुग्णांवर हात चालवणे इथल्या समित्या गैर मानतात आणि मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची त्याविरुद्ध लेखी मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. ओपीडीत मागे उभे राहून पाहण्याची, आणि रुग्णांची हरकत नसेल तर शस्त्रक्रियागृहातही दूरून पाहण्याची परवानगी त्यांनी दिली तर पुरे आहे. कोणते दिवस त्यांना सोयीचे आहेत ते विचारून मला कळवा, म्हणजे तिकिटाच्या तारखा त्याप्रमाणे ठरवता येतील.

ती. आईस व सौ. वहिनींस सा. न.

आपली धाकटी बहीण