काका, पांढऱ्या रस्त्यांसाठी आभार

ती. स्व. काकांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, काकूशी बोल" म्हणून फोन काकूंच्या हातात देता. त्यामुळे मनात होतं ते सगळं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. इटलीतल्या टस्कनीत सायकल चालवायची इच्छा असलेले बरेच जण हल्ली मला आणि ताईला गाठून प्रश्न विचारतात. आम्ही त्यांना जे सांगतो ते सगळं तुम्ही शिकवलेलं आहे. ते तुमच्या नावावर जमा व्हायला हवं.

तुम्ही आम्हाला नीट ओळखतही नव्हतात. ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला आणि फोन केला, तर कोल्हापुरी हेल कायम ठेवून तुम्ही म्हणालात, "काशिने बागेत राजाराम महाराजांच्या छत्रीपाशी भेटू." फ्लोरेन्समध्ये पहिलं पाऊल आम्ही तिथे टाकलं. इंग्लंडहून परतताना 1870 साली कोल्हापूरचे विशीतले महाराज या शहरात वारले आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. त्या जागी 1874 पासून त्यांचं स्मारक उभं आहे. जवळच्या पुलालासुद्धा लोक 'इंडियानो' म्हणतात. तुम्ही छत्रीला नमस्कार केलात आणि मग बाकावर आमचा नकाशा पसरलात.

आमच्या नकाशावर फ्लोरेन्सपासून सिएनापर्यंत एकच जाड रेघ होती, कियांतीजाना, म्हणजे 222 क्रमांकाचा रस्ता. सगळी माहितीपत्रकं तोच सांगतात. रस्ता देखणा आहेच. पण तुम्ही विचारलंत, "गाड्यांच्या आणि मोटारसायकलींच्या मागे मागे जायला एवढ्या लांब आलात का पोरींनो?" पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा दोघींना कुणी पोरी म्हटल्याला बराच काळ लोटला होता. मग तुम्ही पेन्सिल काढलीत आणि त्या जाड रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक, वळणावळणाच्या रेघा मारायला लागलात. द्राक्षमळे, ओकची रानं आणि एकेकट्या शेतघरांमधून जाणारे पांढरे कच्चे रस्ते, तिथल्या भाषेत 'स्त्रादे बियांके'.

त्या रेघांमागे किती विचार होता ते आम्हाला एकेक दिवस पुढे जाता जाता कळत गेलं.

सायकली भाड्याने घेताना तुम्ही सोबत आलात. पातळ टायरच्या चकचकीत सायकली बाजूला करून 40 मिलिमीटर टायरच्या दोन निवडल्यात. मागचं सगळ्यात मोठं चक्र पुढच्या लहान चक्रापेक्षा मोठं आहे ना, हे चक्क दात मोजून पाहिलंत. टायरमधली हवा अंगठ्याने दाबून थोडी कमी केलीत. पान्त्सानोहून व्होल्पायाकडे चढताना त्या प्रत्येक दाताने आमची सोबत केली. कियांतीतले, म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधल्या या डोंगराळ भागातले चढ लांबलचक नसतात, पण एकामागून एक येतात आणि मध्येच असा एखादा खडा टप्पा लागतो की पुढचं चाक जमिनीवर ठेवायलाही अंग पुढे झुकवावं लागतं. हवा कमी असल्यामुळे टायर खडीत घट्ट बसत होता. शेवटच्या टप्प्यात ताई उतरून चालू लागली तेव्हा तिला तुमचंच वाक्य आठवलं, की चालत चढलेला घाटसुद्धा चढलेलाच असतो.

शिकारीचं तर आमच्या डोक्यातही आलं नसतं. सप्टेंबर संपत आलेला, शिकारीचा हंगाम सुरू झालेला. इटलीत मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला कायद्याने बंदी असते, म्हणून राद्दा ते गायोलेच्या पट्ट्यातला दाट रानाचा भाग तुम्ही शुक्रवारात बसवलात आणि शेजारी बारीक अक्षरात 'शुक्र' लिहून ठेवलंत. त्या दिवशी रानात कुठे बार नाही, कुत्र्यांचा कल्ला नाही. ओकची बोंडं पानांवर पडल्याचा आवाज ऐकू येत होता. तासभर एकही गाडी दिसली नाही. मग एका वळणावर द्राक्षांचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर समोरून आला. चालकाने तो कडेला घेऊन पूर्ण थांबवला, धूळ बसू दिली आणि हाताने "जा" अशी खूण केली. मळ्यात तोडणी चालली होती. कात्र्यांची कटकट आणि बायकांच्या गप्पा रस्त्यापर्यंत येत होत्या. मोटारीत काच लावून बसलेल्या माणसाला यातलं काय मिळालं असतं?

ऑलिव्हच्या झाडांचं तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही ती पाहूनही पाहिली नसती. "खोड बघा, फांद्या नको," एवढंच म्हणाला होतात. एका बागेपाशी थांबून बघितलं, तर बहुतेक झाडांना एक खोड नव्हतंच. एकाच बुंध्यातून तीन-चार सडपातळ खोडं गोलाकार वर आलेली, आणि मध्ये जुन्या झाडाचा कापलेला, करडा पडलेला खुंट. जानेवारी 1985 मधल्या थंडीच्या लाटेने टस्कनीतली बहुतेक ऑलिव्हची झाडं गोठून मेली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली आणि मुळांतून फुटलेले धुमारे वाढवले. त्या खुंटाच्या भेगेत मी बोट घातलं, ते पुरं आत गेलं. आजूबाजूची नवी खोडं हिरव्या फळांनी लगडली होती. त्यानंतर पुढच्या प्रत्येक बागेत आम्ही 1985 शोधत राहिलो.

गायोलेजवळच्या ज्या शेतघरात तुम्ही आमची राहायची सोय केलीत, तिथल्या आजींनी आम्हाला माळ्यावर नेलं. वासा-वाशांना द्राक्षांचे घड उलटे टांगलेले, काही बांबूच्या चटयांवर पसरलेले. त्यांचीच पुढे व्हिन सांतो ही गोड वाइन होते. घड काही महिने सुकवायचे, मग रस काढून लहान पिंपांत भरायचा, पिंपं बंद करायची आणि काही वर्षं तिथेच, छपराखालच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात, सोडून द्यायची. आम्ही दोघी वाइनच्या जाणकार नाही. पण सुरकुतायला लागलेल्या त्या द्राक्षाचा एक मणी आजींनी हातावर ठेवला, त्याची गोडी अजून आठवते. तुमचं नाव घेतल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा वाढलं, हेही सांगायला हवं.

गायोलेत आम्ही त्या प्रसिद्ध जुन्या सायकलींच्या फेरीच्या तपकिरी पाट्या पाहिल्या आणि तुम्ही सांगितलेली गोष्ट पटली. नव्वदच्या दशकात हे कच्चे रस्ते एकेक करून डांबराखाली जात होते. जान्कार्लो ब्रोच्ची यांनी 1997 साली गायोलेतून 'एरोइका' ही फेरी सुरू केली, ती हे रस्ते वाचावेत म्हणून. पहिल्या वर्षी 92 जण आले. जुन्या सायकलींवर, गिअरच्या दांड्या चौकटीच्या नळीवर असलेल्या. आज त्या मार्गाचे 209 किलोमीटर वर्षभर पाट्या लावून खुले असतात आणि कुणीही कधीही जाऊ शकतं. 2007 पासून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही याच धुळीतून जाते आणि सिएनाच्या काम्पो चौकात संपते.

तुम्ही दुसरी बाजूही लपवली नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं. त्या रस्त्याकाठी राहणाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उन्हाळाभर धूळ बसते, पावसाळी दिवसांत गाडीची चाकं घसरतात, त्याला डांबर हवंसं वाटणं रास्त आहे, असं तुम्ही म्हणालात. पाहुण्याने रस्त्याच्या सौंदर्यावर बोलावं, पण तिथल्या माणसाला हात करून, हळू जाऊन, त्याच्याकडून तेल, चीज काहीतरी विकत घेऊन. आम्ही तसंच केलं. सामानाच्या पिशव्या त्यामुळे सिएनापर्यंत बऱ्याच जड झाल्या.

ब्रोलियोच्या किल्ल्याकडे जाणारा सुरूच्या झाडांमधला पांढरा चढ मी पहाटे चढावा, असा तुमचा आग्रह होता. चढले. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ताई लिहिणार आहे.

पण सिएनात पाऊस लागला तेव्हाचा तुमचा फोन मात्र लिहायलाच हवा. सकाळी सहाला तुम्ही फोन केलात. पुढचा टप्पा क्रेते सेनेसीचा, म्हणजे सिएनाजवळच्या उघड्या मातीच्या टेकड्यांचा, मोन्ते सान्ते मारियेवरून आशानोकडे जाणारा. "आज जायचं नाही," एवढंच आधी म्हणालात, कारण नंतर. कियांतीचे रस्ते खडीचे, पाणी लवकर सोडतात. क्रेतेची जमीन चिकणमातीची. ओली झाली की चाक आणि चौकटीच्या मध्ये माती भरते, चाक फिरेनासं होतं आणि सायकल उचलून न्यावी लागते. आम्ही थांबलो. सिएनाच्या जुन्या गावात मोटारींना 1960 च्या दशकातच बंदी झाली, त्यामुळे तो दिवस गल्ल्यांतून पायी हिंडण्यात गेला. ऊन पडून माती वाळल्यावर त्या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यावर निघालो, तर वाट कोरडी, खणखणीत. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेले करडे उतार, झाड नाही, घर नाही, वारा तेवढा कानात. ताई माझ्यापुढे होती आणि जुनी गाणी मोठ्याने म्हणत होती. घरी ती स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणत नाही. भावजी गेल्यापासून तर नाहीच. काका, मी तुमचे आभार मानतेय ते मुख्यतः या एका सकाळीसाठी.

आणि मोन्तेगुफोनी. तो वळसा तुम्ही पहिल्याच दिवशी घातलात, आमचं आजोळ बेळगावचं आहे हे कळल्यावर. स्वतः सत्तरी उलटलेली असताना आमच्यासोबत तिथपर्यंत सायकलवर आलात. 1944 च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाची आघाडी फ्लोरेन्सकडे सरकत असताना, या किल्ल्यात उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं लपवून ठेवलेली होती. बोत्तिचेल्लीचं तीन मीटरहून रुंद 'प्रिमाव्हेरा'सुद्धा त्यांत होतं. आणि त्या चित्रांवर पहारा होता मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, म्हणजे बेळगावच्याच पलटणीच्या जवानांचा. भिंतीपलीकडच्या सुरूंकडे बघत तुम्ही म्हणालात, "आपली पोरं होती इथे." पुढे काही बोलला नाहीत, आम्हीही नाही. आठवडाभराने उफ्फिझीत त्या चित्रासमोर उभ्या राहिलो तेव्हा गर्दीतही ताईने माझा हात धरला होता.

आता एक परवानगी हवी आहे. एप्रिलमध्ये आमच्या सायकल ग्रुपमधले चौघे तिकडे निघालेत. तुमच्या नकाशाची प्रत त्यांना देऊ ना? त्यांना 'शुक्र'ची गरज नाही, तेव्हा शिकारीचा हंगाम नसेल, पण क्रेतेच्या चिखलाची सूचना मी लाल शाईने वर लिहिली आहे. परतीला सिएनाहून लोकल गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढायचं, हेही. त्यांना तुमच्याकडे यायचंच आहे, पण तुमची तब्येत आणि वेळ पाहूनच. नाही म्हणालात तरी चालेल, मी त्यांना समजावेन.

काकूंसाठी गोडा मसाला आणि तिळगूळ पाठवला आहे, संक्रांतीच्या आत मिळावा. गुडघ्याचं दाखवलंत का ते कळवा.

तुमची,
पुण्याची धाकटी