पुणे जिल्ह्याएवढी जागा, साडेपाच हजार माणसं

व्हॅलेंटाइन, नेब्रास्का
१९ सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या काउंटीचं क्षेत्र किती आणि खातेदार किती?" फिजिओथेरपीला आलेला पेशंट बाहेर ताटकळत होता, म्हणून "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. आणि आई, तू मागून जे म्हणालीस ते मला ऐकू आलं बरं का. "एवढं सातासमुद्रापार जायचं तर निदान माणसांत तरी जायचं." दोघांनाही या एकाच पत्रात उत्तर देते, कारण माणसं का नाहीत ते जमिनीचा हिशोब मांडल्याशिवाय कळणार नाही.

आधी बाबांचे आकडे. काउंटी म्हणजे इथला, अमेरिकेतला जिल्हा. चेरी काउंटीचं क्षेत्रफळ साधारण १५,५६० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा १५,६४३. म्हणजे जुन्नरपासून इंदापूरपर्यंत सगळे तालुके, पुणे आणि पिंपरी-चिंचवड धरून, उचलून इथे ठेवले तर जवळजवळ बरोब्बर बसतील. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. इथे २०२० च्या जनगणनेत ५,४५५. लाखात नाही, एकूण साडेपाच हजार! त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये, उरलेली रानात. सरासरी काढली तर तीन चौरस किलोमीटरला एक माणूस पडतो. काउंटी एवढी आडवी पसरलीय की पश्चिमेच्या भागात घड्याळ एक तास मागे असतं. तिकडच्या पेशंटला अपॉइंटमेंट देताना "कुठल्या टायमाने?" हे आम्ही आधी विचारून घेतो.

पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या इंदापूरच्याच पंक्तीतला. पण तुम्हाला डोळ्यांसमोर आपलं काळं रान येत असेल तर ते पुसून टाका. इथे सगळी वाळू आहे. सँडहिल्स म्हणतात या पट्ट्याला. जवळपास पन्नास हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, काही शंभर मीटरहून उंच, आणि त्यावर पातळशी गवताची चादर. त्या गवताच्या मुळांनी ही वाळू धरून ठेवलीय, म्हणून ती राजस्थानासारखी उडत नाही. कुठे गुरांच्या पायवाटेने किंवा चाकोरीने गवत फाटलं की वारा तिथून वाळू उपसायला लागतो आणि टेकडीला खड्डा पडतो. त्याला ब्लोआउट म्हणतात. इथला शेतकरी दुष्काळाइतकाच या ब्लोआउटला भितो. जुनी टायरं, वाळलेलं गवत, काय हाताला लागेल ते टाकून तो खड्डा बुजवत बसतो.

गंमत अशी की वर एवढी कोरडी वाळू, आणि खाली पाणीच पाणी. पडलेला पाऊस वाहून जातच नाही, तिथल्या तिथे जिरतो. ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा अमेरिकेच्या मधल्या राज्यांखाली पसरलाय, त्याचा सगळ्यात जाड थर या टेकड्यांखाली आहे. टेकड्यांच्या मधल्या सखल जागांत ते पाणी आपोआप वर दिसतं, तळी होतात, ओली कुरणं होतात. पवनचक्कीने हौदात पाणी ओढलं की गुरांची सोय झाली. नायोब्रारा नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. बाबा, तुम्ही टँकरच्या खेपांच्या नोंदी ठेवण्यात किती उन्हाळे काढलेत ते मी पाहिलंय. हे पाणी पाहून तुम्हाला नक्की हेवा वाटेल.

मग एवढं पाणी असून शेती का नाही? तिथेच तर सगळा इतिहास आहे.

आधी ही जमीन लाकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांची, रानगव्यांच्या (म्हणजे इथल्या बायसनच्या) कळपामागे फिरणाऱ्यांची. १८७८ मध्ये त्यांच्यातल्या सिचांगू शाखेला आमच्या उत्तरेला, साउथ डकोटाच्या हद्दीत, रोझबडला नेऊन बसवलं. त्यांच्यावर नजर ठेवायला १८८० मध्ये इथे नायोब्रारा किल्ला उभा राहिला. किल्ला म्हणजे आपल्यासारखा तट-बुरुजांचा नव्हे, लष्कराची छावणी. काउंटीचं नाव तिथल्याच सॅम्युएल चेरी नावाच्या लेफ्टनंटवरून, तो १८८१ मध्ये मारला गेला. १८८३ मध्ये रेल्वे आली, त्याच वर्षी काउंटी स्थापन झाली आणि गावाला एडवर्ड व्हॅलेंटाइन या खासदाराचं नाव मिळालं. (आई, प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. पण फेब्रुवारीत जगभरातून इथल्या पोस्टात पाकिटं येतात, शिक्का मारून पुढे पाठवण्यासाठी. गावानेही संधी साधून रस्त्यांवर लाल बदाम रंगवून घेतलेत.) रोझबड इथून तासाभराच्या आत आहे. तिथले लोक इथे बाजाराला, दवाखान्याला येतात. या जमिनीचा पहिला खातेदार कोण, हे विचारलंत तर उत्तर तिथे आहे, आणि ते इथे फारसं कोणी आपणहून बोलत नाही.

आता बाबा, तुमच्या आवडीचं प्रकरण. अतिक्रमण! लाकोटा गेले, जमीन सरकारजमा झाली, आणि मोठमोठ्या गुरेवाल्यांनी ती फुकटात चारायला सुरुवात केली. नुसती चारली नाही, मैलोन्‌मैल तारेचं कुंपण घातलं, जणू वडिलोपार्जितच. त्यातला बडा माणूस बार्टलेट रिचर्ड्स. त्याची स्पेड रँच (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जमीन) शेजारच्या शेरिडन काउंटीत आणि आमच्या काउंटीत पसरलेली. १९०५ मध्ये त्याच्यावर खटला झाला आणि शिक्षा काय, तर तीनशे डॉलर दंड आणि सहा तासांची कैद. सहा तास! राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट एवढे भडकले की त्यांनी सरकारी वकिलालाच घरी बसवलं. दुसऱ्या खटल्यात मात्र वर्षाची शिक्षा लागली आणि ती भोगत असतानाच १९११ मध्ये रिचर्ड्स वारला. तुमच्या तालुक्यातल्या गायरानाच्या केसेस आठवल्या ना?

याच सुमारास, १९०४ मध्ये, मोझेस किंकेड या खासदाराने कायदा आणला. त्याआधीच्या १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर फुकट मिळत. पण या वाळूत १६० एकरांत कोणाचं भागणार? म्हणून किंकेड कायद्याने ६४० एकर दिले. पाच वर्षं राहा, एकरी सव्वा डॉलरची सुधारणा करून दाखवा, जमीन तुमची. ६४० एकर म्हणजे बरोबर एक चौरस मैल, इथल्या मोजणीत त्याला सेक्शन म्हणतात. असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. देशाचा बराचसा भाग असा चौकटीत मोजलाय, त्यामुळे नकाशा बघितला तर बांध कुठे वाकडा जातच नाही. ओढा आला, टेकडी आली, रेघ सरळच!

आपल्याकडे सीलिंग कायद्यात जिरायतीला ५४ एकरांची मर्यादा. इथे ६४० मिळाले, म्हणजे राजा झाला, असं वाटेल. लोकांनाही तसंच वाटलं आणि झुंबड उडाली. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापून त्यांची घरं बांधली, शेणाच्या गोवऱ्या जाळल्या (आई, गोवऱ्या! गुरांनी रानात टाकलेलं वाळलेलं शेण वेचायचं, थापायचं कामही नाही). १९०० मध्ये साडेसहा हजार असलेली वस्ती १९२० मध्ये ११,७५३ झाली. तोच आमचा उच्चांक.

यातलं एक गाव माझ्या मनातून जात नाही. डिविटी. १९०७ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांनी नॉर्थ लूप नदीकाठी वसवलेलं. त्यातले काही कॅनडातून आलेले, गुलामगिरीतून पळून तिकडे गेलेल्यांची मुलं-नातवंडं. स्वतःच्या नावावरच्या जमिनीसाठी माणसं कुठून कुठे आली बघा. शाळा होती, चर्च होतं, बेसबॉलचा संघ होता. आता तिथे काहीच उरलेलं नाही. २०१६ मध्ये महामार्गाच्या कडेला एक माहितीफलक लावला, तेवढाच.

झालं काय, ते त्रैराशिकाने सांगते. या कुरणावर एका गाय-वासराला वर्षभर चरायला पंधरा-वीस एकर लागतात. म्हणजे ६४० एकरांवर फार तर चाळीस गाई. चाळीस गाईंच्या वासरांवर, त्यातही दोन-चार थंडीत दगावणार, घर चालत नाही. मग लोकांनी मका-बटाट्यासाठी गवत नांगरलं आणि नांगरलं तिथे वाळू उडायला लागली. पाच वर्षं कशीबशी काढून, कागद हातात पडला की शेजारच्या रँचवाल्याला जमीन विकायची आणि पुढची वाट धरायची, असं घरोघरी झालं. सरकारने ज्या मोठ्या रँचवाल्यांचं कुंपण तोडलं होतं, तसल्यांकडेच जमीन पुन्हा गोळा झाली, फक्त या वेळी खरेदीखताने. त्यानंतर दर जनगणनेला आकडा खालीच आलाय. १९५० ला ८,३९७, २००० ला ६,१४८, आणि आता ५,४५५.

म्हणून मी म्हणते आई, हे गाव ओस पडलंय असं मानू नकोस. आपल्याकडे गाव रिकामं झालं की दुष्काळ, कर्ज, पोरं पुण्याला, असं काहीतरी वाईट घडलेलं असतं. इथे माझ्या मते कायदा चुकला होता, एवढी माणसं या वाळूने पोसावीत ही अपेक्षाच चुकीची होती. जेवढी पोसता येतात तेवढी उरलीत, आणि जी उरलीत ती जमिनीला फार जपतात. नांगर इथे कोणी काढत नाही. मांसाच्या गाईंच्या संख्येत ही काउंटी अख्ख्या अमेरिकेत पहिली, दीड लाखाच्या वर गाई. माणशी सत्तावीस-अठ्ठावीस पडतात. तू नाक मुरडशील, पण त्यांचा प्रपंच त्यावरच चालतो, आणि गाय अडली तर उणे वीस तापमानात रात्रभर गोठ्यात बसणारी माणसंही हीच.

ते सगळं मला टेबलावर दिसतं. माझे निम्मे पेशंट घोड्यावरून पडलेले, नाहीतर गाईने दाबलेले. एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, खांद्याच्या व्यायामासाठी येतात. हात डोक्याच्या वर नेता येत नाही. मी विचारलं, घरी कशाला अडतं? म्हणाले, फाटकाची तार. इथे कुंपणाच्या फाटकाला कडी नसते. शेवटचा खांब तारेच्या फासात अडकवलेला असतो, तो खांद्याने दाबून, छातीशी कवटाळून सोडवावा लागतो. मी त्यांच्याकडून ती हालचाल करून घेतली आणि व्यायाम तोच ठेवला, रबरी पट्टा खांबासारखा छातीशी ओढायचा. आता सांगतात की दोन फाटकं उघडतात, तिसऱ्याला नातू लागतो.

जाता-जाता दोन गोष्टी खास तुझ्यासाठी. मेरिमन नावाच्या छोट्या गावाजवळ इव्हा बाउरिंग नावाच्या बाईंची रँच होती. १९५४ मध्ये त्या अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेल्या, नेब्रास्कातून सिनेटवर गेलेल्या पहिल्या बाई. आणि कोडी या दीडशे वस्तीच्या गावात किराणा दुकानच नव्हतं, तर शाळेतल्या मुलांनी पुढाकार घेऊन गवताच्या पेंढ्यांच्या भिंती असलेलं दुकान २०१३ मध्ये उघडलं, हिशोब आणि गल्लाही मुलंच बघायची. तिकडे न्यू जर्सीत एडिसनला मावशीच्या शेजारी मराठी मंडळ आहे, गणपती आहे, चितळ्यांची बाकरवडी आहे, हे मला मान्य. इथे मराठी बोलायला मी आणि आरसा. ते जड जातं, खोटं कशाला बोलू. पण तिकडे गेले तर माझ्यासारख्या छप्पन जणी तिथे आहेत. इथे मी सुट्टीवर गेले की फिजिओथेरपीसाठी लोकांना दोन-दोन तास गाडी हाकावी लागते. म्हणून करार पुढे वाढवलाय. मावशीला मी वेगळा फोन करेन, तू मध्ये पडू नकोस.

आता तुमचं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की लगेच कळवा. यायचं तर मेअखेरीस या. बर्फ गेलेला असतो, डास यायचे असतात, आणि वासरांना डाग द्यायचे दिवस असतात. शेजारपाजारचे सगळे रँचवाले एकमेकांकडे जाऊन ते काम उरकतात, आपल्या जुन्या इर्जिकीसारखं. आई, तू त्या दिवशी घरी थांब. तुला त्याऐवजी स्मिथ फॉल्सला नेईन, नायोब्राराच्या काठी धबधबा आहे. जवळच रानगव्यांचं अभयारण्यही आहे. १९१३ मध्ये तिथे सहा गवे आणले होते, आता मोठा कळप झालाय. विमानाने ओमाहापर्यंत या. तिथून पाच तास गाडी. मी घ्यायला येईन, पण वाटेत खाण्याचे हाल आहेत, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हाताशीच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

बाबांनी गुडघ्याचे व्यायाम बंद केलेत हे दादाने सांगितलं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा, खुर्चीवर बसूनच. इथे चालायला जागा भरपूर आहे, मेपर्यंत पाय तयार पाहिजेत. फोन रविवारी करा, तुमच्या संध्याकाळी सात नंतर. त्याआधी मी झोपलेली असते.

तुमची,
मीनल