अंबाझरीच्या पुरातून माझ्या आईला काढणाऱ्या पथकास

पथकप्रमुख दादा,

सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये घुसलं आणि तुम्ही माझ्या आईला घरातून सुखरूप बाहेर काढलंत. त्या दिवशी तुम्ही इतकी दारं ठोठावली असतील की आमचं घर लक्षातही नसेल. तळमजला आणि खुब्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी, एवढीच खूण सांगते.

तुम्ही येण्याआधी मी मदतीसाठी फोनवर फोन लावत होते. एकाने दुसरा नंबर दिला. दुसऱ्याने सांगितलं, साहेबांनी सांगितल्याशिवाय काही करता येत नाही. मग साहेबांना विचारा ना, म्हटलं, तर पलीकडे नुसती शांतता. साहेबांना झोपेतून उठवायची तिथे कुणाची छाती झाली नाही. इकडे पाणी पलंगाला लागलं होतं. त्या शांततेचा राग अजून मनात आहे.

म्हणूनच तुमच्या पथकातलं ते एक दृश्य मनातून जात नाही. आईला स्ट्रेचरवर बांधून तुम्ही अंगणातून निघालात. पुढे दोर धरून तुमच्यातला सगळ्यात लहान पोरगा होता, मिसरूडही नीट न फुटलेला. तो एकदम ओरडला, "सर, थांबा!" तुम्ही आधी हात वर केलात. सगळे जागच्या जागी थांबले. 'का' हे त्यानंतर विचारलंत. गेटपाशी नालीवरची फरशी वाहून गेली होती, त्याचा पाय खाली गेला होता. वरून गढूळ पाण्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं. तुम्ही स्ट्रेचर वळवून शेजाऱ्यांच्या भिंतीकडून काढलंत आणि जाताजाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बरं केलंस बोललास."

दादा, आमच्यासाठी सगळं त्या तीन शब्दांत आहे. आई येईल त्याला सांगते, "त्या पोराचं आयकलं म्हून मी वाचली बाप्पा."

नंतर चौकात चहा घेतानाही मी तुम्हाला पाहिलं. आधी सगळी माणसं मोजलीत. मग काय चुकलं, काय जमलं, हे विचारायला सुरुवात केलीत तीही त्या पोरापासूनच. मोठ्यांनी बोलून घेतल्यावर लहान गप्पच बसतात, हे तुम्हाला ठाऊक असणार. आणि ही सवय पुराच्या दिवशी लागत नाही. सरावात एखाद्याची शंका चुकीची निघाली तरी त्याला कुणी हसलं नसेल, त्याच्यावर कुणी खेकसलं नसेल, तेव्हा कुठे ऐन वेळी तो बेधडक ओरडला. एकदा जरी "तुला काय कळतं" असं ऐकलं असतं, तर तो क्षणभर थबकला असता. तेवढ्यात माझी आई आणि पुढची तुमची माणसं त्या नालीत गेली असती. भल्या माणसाचं भलेपण हाताखालच्यांशी तो कसा बोलतो त्यात कळतं, असं माझे वडील म्हणायचे. तुमच्याकडे बघून ते पटलं.

एक विनंती आहे. आमच्या लेआउटमधली पोरं दोर आणि ट्यूब घेऊन स्वतःचं पथक उभं करताहेत. पावसाळ्याआधी एक रविवार त्यांना द्या. दोराच्या गाठी शिकवालच, पण येताना त्या पोरालाही घेऊन या. आईला त्याला जेवू घालायचं आहे.

तुमची ऋणी,
अंबाझरी लेआउटमधली एक लेक